समुद्री शेवाळासाठी ‘टोटल कार्बोहायड्रेट’ किट: विकत घ्यावं की फिनॉलची बाटलीच बरी?

डबा हातात घेतला की पहिला प्रश्न पडतो: एवढंच? आत दोन कुप्या. एकीत डेव्हलपर, म्हणजे रंग आणणारं द्रावण, दुसरीत ग्लुकोजचं स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं माहीत तीव्रतेचं द्रावण, मिलिलिटरला २ मिलिग्रॅम. सोबत घडी घातलेला कागद, आणि त्यावर बारीक अक्षरात ‘संहत सल्फ्युरिक आम्ल किटसोबत दिलेलं नाही’. ९६ खान्यांची प्लेटही बहुतेक वेळा तुमची तुम्हीच आणायची. कंपन्या वेगवेगळ्या असल्या तरी या धाटणीच्या किटची रचना जवळजवळ सारखीच असते, म्हणून हे परीक्षण एका ब्रँडचं नाही. कसोटी मात्र एकच लावली आहे: उल्वा (हिरवं), सारगॅसम, पॅडिना (दोन्ही तपकिरी), ग्रॅसिलारिया आणि कप्पाफायकस (दोन्ही लाल) यांच्यासारख्या समुद्री शेवाळांतली कर्बोदकं या डब्याने मोजता येतात का, आणि येणारा आकडा कितपत भरवशाचा?

उत्तर आधीच सांगतो. किट स्वतःचं काम चोख करतं. पण शेवाळाच्या बाबतीत ते काम म्हणजे दोन-तीन दिवसांच्या खटाटोपाचा शेवटचा अर्धा तास. चूक होते ती त्याच्या आधी, आणि तिथे किट तुमच्या मदतीला येत नाही.

आतलं रसायन नवं नाही. १९५६ साली ड्यूबॉइस आणि सहकाऱ्यांनी मांडलेली फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची रीतच इथे आकसून प्लेटवर आली आहे. गरम संहत आम्लात बहुशर्करांच्या साखळ्या तुटतात आणि सुट्या झालेल्या साखरांतलं पाणी निघून जातं. षट्शर्करांपासून (सहा कार्बनच्या साखरा, जसं ग्लुकोज) हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल बनतं, पंचशर्करांपासून (पाच कार्बनच्या, जसं झायलोज) फरफ्युराल. त्यांची फिनॉलशी गाठ पडली की पिवळसर नारिंगी रंग येतो. षट्शर्करांसाठी तो ४९० नॅनोमीटरला वाचायचा (त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते पाहायचं), पंचशर्करा आणि युरॉनिक आम्लांसाठी (साखरांची आम्लरूपं) ४८० ला. किटचा कागद फक्त ४९० सांगतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

कृती सोपी आहे. प्रत्येक खान्यात ३० मायक्रोलिटर नमुना, त्यावर १५० मायक्रोलिटर संहत आम्ल, मिनिटभर हलवणं, ९० अंशांवर १५ मिनिटं, मग ३० मायक्रोलिटर डेव्हलपर, पाच मिनिटं शेकरवर, आणि वाचन. स्टँडर्डचे ०, २, ४, ६, ८, १० मायक्रोलिटर घेऊन प्रत्येकी ३० पर्यंत पाणी घातलं की शून्य ते २० मायक्रोग्रॅमची सरळ रेष मिळते; नमुन्याच्या रंगावरून साखर किती ते तिच्यावरूनच काढायचं. ही रेष सहसा छान येते. किटच्या बाजूने बोलायचं तर हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण.

९० अंश कशाला, असा प्रश्न परीक्षानळीवर हात बसलेल्यांना पडतो, कारण तिथे वेगळं तापवावं लागत नाही. नळीत १ मिलि नमुना, १ मिलि ५ टक्के फिनॉल आणि त्यावर थेट पृष्ठभागावर पडेल असं ५ मिलि आम्ल जोरात सोडलं की पाणी आणि आम्ल यांच्या मिलनानेच नळी हाताला धरवत नाही इतकी तापते. ती उष्णताच अभिक्रिया घडवते. नवशिका माणूस भीतीने आम्ल काठाकाठाने हळूहळू सोडतो आणि त्याची नळी फिकी राहते. तीन नळ्यांची तीन रीडिंग येतात त्याचं निम्मं कारण हेच. प्लेटच्या खान्यात मात्र एकूण २१० मायक्रोलिटर द्रव. त्याची उष्णता क्षणात प्लास्टिकमध्ये निघून जाते. म्हणून बाहेरून ९० अंश. म्हणजे इथे आम्ल सोडण्याच्या हाताच्या सवयीला फारसं महत्त्व उरत नाही आणि तीन खान्यांतला फरक कमी होतो. ज्या प्रयोगशाळेत दर सहा महिन्यांनी नवा प्रकल्प-विद्यार्थी येतो तिथे ही गोष्ट लहान नाही.

दुसरा फायदा आम्लाचा. पूर्ण प्लेटला १५० गुणिले ९६ म्हणजे १४.४ मिलि आम्ल लागतं. तेवढ्याच नळ्या लावल्या तर ४८० मिलि, म्हणजे जवळजवळ अख्खी बाटली, आणि तितकाच फिनॉलयुक्त आम्लाचा कचरा. हा फरक कोणालाही पटेल.

पण हा फायदा प्लेटचा आहे, किटचा नाही. तीच प्लेट घ्या, ५ ग्रॅम फिनॉल पाण्यात विरघळवून १०० मिलि करा, आणि मासुको आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दिलेली रीत लावा: ५० मायक्रोलिटर नमुना, १५० आम्ल, लगेच ३० मायक्रोलिटर ५ टक्के फिनॉल, ९० अंशांवर ५ मिनिटं. रेष तितकीच सरळ येते. हिशोब करा: ३० मायक्रोलिटरप्रमाणे शंभर खान्यांना ३ मिलि द्रावण, म्हणजे फक्त १५० मिलिग्रॅम फिनॉल. स्टँडर्ड म्हणजे १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि ५० मिलिचा फ्लास्क. डब्याची किंमत मोजताना आपण नेमकं काय विकत घेतोय हे यावरून कळावं. पैसे जातात ते तपासून दिलेल्या बॅचसाठी आणि फिनॉलचे खडे तोलायची कटकट वाचवण्यासाठी. ती कटकट खरी आहे: फिनॉल ४०-४१ अंशांना वितळतं, बाटलीत त्याचा एकसंध गड्डा होतो, तो चमच्याने फोडताना अंगावर उडतो. पण बाटली कोमट पाण्यात ठेवून वितळवून घेतली तर निम्मं काम सोपं होतं. गुलाबी पडलेलं फिनॉल मात्र नको. ते हवेने ऑक्सिडीकृत झालेलं असतं आणि ब्लँकच (साखर नसलेल्या खान्याचं रीडिंग) चढा येतो.

‘१०० चाचण्या’ या डब्यावरच्या आकड्याचंही पाहू. स्टँडर्डचे सहा बिंदू तीन-तीन खान्यांत म्हणजे १८ खाने गेले. नमुना तीन खान्यांत, आणि चौथा खाना त्याच नमुन्याच्या ब्लँकचा, ज्यात डेव्हलपरऐवजी पाणी. म्हणजे नमुन्यामागे चार. उरलेल्या ७८ खान्यांत १९ नमुने बसतात. आता ९० अंशांवर प्लेटच्या कडेचे खाने वेगळे तापतात आणि जास्त सुकतात, म्हणून कड सोडली की ६० खाने उरतात. त्यातून १८ गेले, ४२ राहिले, म्हणजे दहा नमुने. शंभर चाचण्यांच्या डब्यात प्रत्यक्ष दहा शेवाळं! त्यातही चार वेगळ्या साखरांची तपासणी घातली, आणि शेवाळाला ती घालावीच लागते, तर सात. कॉलेजच्या बजेटमध्ये मागणीपत्र लिहिताना हा आकडा धरा, डब्यावरचा नको.

नमुन्याचा ब्लँक कागदावर ठळक सांगितलेला नसतो, पण शेवाळाला तो सोडून चालत नाही. रंगद्रव्यं, तपकिरी शेवाळातली फिनॉली द्रव्यं आणि करपलेले इतर पदार्थ आम्लात स्वतःच तपकिरी पडतात. सारगॅसमचा अर्क नुसत्या आम्लातही गढूळ चहासारखा दिसतो. तो रंग वजा केला नाही तर तो सगळा साखरेच्या खात्यावर जमा होतो.

आता घोडं जिथे पेंड खातं तिथे येऊ. किटच्या कागदावर नमुन्याची तयारी दोन-तीन ओळींत उरकलेली असते: ऊती थंड बफरमध्ये वाटा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं द्रावण घ्या. यकृताच्या तुकड्यासाठी हे ठीक असेल. शेवाळाची कर्बोदकं पेशीभित्तिकेत आणि पेशींच्या मधल्या गोंदात अडकलेली असतात. थंड बफरमध्ये वाटलं की सेल्युलोज, अगार, अल्जिनेटचा मोठा भाग तळाच्या गोळ्यात बसतो आणि तो गोळा सिंकमध्ये जातो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आकडा कमी आला म्हणून किटला दोष देणाऱ्यांनी आधी तो गोळा काय झाला ते पाहावं.

उकळत्या पाण्याने अर्क काढणारेही फसतात. ग्रॅसिलारियाचा गरम अर्क पातळ असतो, पण अगार साधारण ३२ ते ४० अंशांच्या आसपास गोठतं. ट्यूब टेबलावर पाच मिनिटं राहिली की पिपेटच्या टोकात जेली. आधी टिप अर्धीच भरते, मग पुढच्या खान्यात एकदम गोळा पडतो. पुन्हा पातळ व्हायला ८५ अंशांच्या वर न्यावं लागतं. कप्पाफायकसचं कॅराजीनन पोटॅशियम मिळालं की तसंच वागतं, आणि त्या शेवाळात पोटॅशियमची कमी नसते.

म्हणून घन नमुना आधी पूर्ण विरघळवायचा. शैवालांसाठी अमेरिकेच्या एनआरईएल या अक्षय ऊर्जेवरच्या संस्थेने प्रसिद्ध केलेली दोन टप्प्यांची रीत इथे चालते. २५ मिलिग्रॅम कोरडी पूड, २५० मायक्रोलिटर ७२ टक्के सल्फ्युरिक आम्ल, ३० अंशांच्या पाण्यात एक तास, दर पाच-दहा मिनिटांनी व्हॉर्टेक्स (यंत्रावर नळी जोरात घुसळणं). मग ७ मिलि पाणी घालून आम्ल ४ टक्क्यांवर आणायचं आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या नळीत १२१ अंशांवर एक तास ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेत तापवणं). पहिल्या तासात आळस केला की तळाशी कोरड्या पुडीची गुठळी राहते. नळी तिरकी धरून उजेडात पाहा. बाहेरून ओला, आतून फिका असा कण दिसला तर तो पुढे ऑटोक्लेव्हमध्येही धड फुटत नाही. २५ मिलिग्रॅममधला एक मिलिग्रॅम असा राहिला तरी चार टक्के गेले.

पुढे ज्यांना एचपीएलसी (यंत्राने प्रत्येक साखर वेगळी करून मोजणं) करायचंय त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटने आम्ल मारावं. किट वापरणाऱ्यांनी तो उद्योग करू नये. तसंही खान्यात शेवटी आम्लच आम्ल असतं. नमुन्यातल्या ४ टक्क्यांनी काही बिघडत नाही. उलट कार्बोनेट घातलं की जिप्समचा पांढरा गाळ बनतो आणि तो खान्यात आला की प्रकाश अडवतो.

किती पातळ करायचं, हे किट सांगू शकत नाही, म्हणून हिशोब मांडतो. समजा पुडीत ४५ टक्के कर्बोदकं आहेत. २५ मिलिग्रॅममध्ये ११.२५ मिलिग्रॅम बहुशर्करा, तुटल्यावर पाणी धरून १२.५ मिलिग्रॅम साखर. ती ७.२५ मिलिमध्ये, म्हणजे मिलिलिटरला सुमारे १.७२ मिलिग्रॅम. तसाच ३० मायक्रोलिटर घातला तर खान्यात ५२ मायक्रोग्रॅम. रेष २० ला संपते. पाच पट पातळ केला की १०.३ मायक्रोग्रॅम, रेषेच्या बरोबर मधोमध. परीक्षानळीच्या रीतीसाठी हाच अर्क चाळीस पट पातळ करा, १ मिलिमध्ये ४३ मायक्रोग्रॅम येतात.

ऑटोक्लेव्हच्या तासात थोडी साखर जळतेही. ती किती, हे पाहायला ओळखीच्या प्रमाणातलं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज त्याच ४ टक्के आम्लात, त्याच खेपेला, शेजारच्या नळीत ठेवा. बाहेर आल्यावर जितकं कमी सापडेल त्या प्रमाणात नमुन्याचा आकडा वाढवायचा. हे न केलेला आकडा आणि केलेला आकडा एकाच तक्त्यात शेजारी लिहिलेले दिसतात, तेव्हा वाईट वाटतं.

त्याच्याही आधीचं काम किनाऱ्यावर होतं. कोकण-गोव्याच्या खडकांवर शेवाळाचा खरा हंगाम पावसाळ्यानंतर फेब्रुवारी-मार्चपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी लांब जाते तेव्हा मालवण, कुणकेश्वर, हणजुणेच्या खडकांवर हवं ते हाताशी येतं. तिथेच समुद्राच्या पाण्यात वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि अंगावर वाढलेली बारीक शेवाळं काढून टाकावीत. गोड्या पाण्याने धुणं झटपट, काही सेकंदांचंच. बादलीत तासभर भिजत ठेवलं की पेशी फुगून फुटतात आणि मॅनिटॉल व विरघळणाऱ्या साखरा पाण्याबरोबर जातात. वाळवणं ६० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत. त्याहून गरम केलं की साखर-प्रथिनांची तपकिरी अभिक्रिया सुरू होते. दळून अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून काढावं. चाळणीवर जो चिवट भाग उरतो तो फेकायचा नाही, पुन्हा दळायचा. देठ आणि पान यांची रचना वेगळी असते.

दोन शेवाळं इथे खास त्रास देतात. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मंडपमकडे ज्याची शेती होते ते कप्पाफायकस वाळल्यावर अंगावर पांढरी साय धरतं. ती साय म्हणजे मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड. झटकून टाकली की एक आकडा, तशीच दळली की दुसरा. दोन्ही बरोबर, फक्त काय केलं ते लिहायला हवं. क्लोराइडचा आणखी एक उपद्व्याप: संहत आम्ल पडताच हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, खाना फसफसतो, आणि वर राहिलेला एक बुडबुडासुद्धा रीडिंग वर नेतो. दुसरं पॅडिना, पंख्यासारखं. त्याच्या अंगावर चुन्याचे पट्टे असतात. ७२ टक्के आम्ल टाकताच फेस येऊन पूड नळीच्या काठावर चढते, आणि आम्लाचा काही भाग चुना मारण्यातच खर्च होतो. अशा नमुन्याला आम्ल थेंबाथेंबाने, फेस बसू देत, आणि राखेच्या प्रमाणात थोडं जास्त.

ओलाव्याचं कोकणात विसरू नका. खारट पूड हवेतलं पाणी ओढते. सकाळी डेसिकेटरमधून काढलेली पूड दुपारी तोलली तर तीच राहिलेली नसते. ज्या दिवशी २५ मिलिग्रॅम तोलाल त्याच दिवशी, त्याच बाटलीतून, १०५ अंशांवर ओलावा काढायला वेगळी वाटी ठेवा.

एवढं करून प्लेट लावली, रेष आली, आकडा आला. तो आकडा कशाचा? किटचं उत्तर असतं ‘ग्लुकोज-सममूल्य’. इथेच हा डबा शेवाळाला तोकडा पडतो, आणि हीच त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार. भाताच्या पिठासाठी ग्लुकोजचं स्टँडर्ड बरोबर आहे, कारण स्टार्चमध्ये ग्लुकोजशिवाय दुसरं काही नाही. शेवाळात ग्लुकोज हा अनेकांतला एक. लाल शेवाळात गॅलॅक्टोज आणि ३,६-अनहायड्रोगॅलॅक्टोजचं राज्य. हिरव्या उल्वाच्या उल्व्हान नावाच्या बहुशर्करेत रॅम्नोज, झायलोज, ग्लुकुरॉनिक आणि इडुरॉनिक आम्ल. तपकिरी शेवाळात लॅमिनारिनचं ग्लुकोज, फ्युकॉयडनचं फ्युकोज, आणि अल्जिनेटची मॅन्युरॉनिक व गुलुरॉनिक आम्लं. फिनॉलसोबत या सगळ्यांचा रंग सारखा गडद येत नाही. त्याच वजनाचं गॅलॅक्टोज ग्लुकोजपेक्षा फिकं दिसतं, युरॉनिक आम्लं तर फारच फिकी. झायलोजचा कळस ४८० ला. आणि अनहायड्रोगॅलॅक्टोज आम्लात टिकतच नाही. ऑटोक्लेव्हमध्येच त्याची वाट लागते.

मॅनिटॉलचं तर नावच नको. ही साखर-अल्कोहोल आहे, तिच्यापासून फरफ्युराल बनत नाही, म्हणून रंगही येत नाही. सारगॅसममध्ये ते कितीही असो, प्लेटला दिसणार नाही. वेगळं मोजायला पेरिआयोडेटची रीत किंवा एचपीएलसी हवी.

म्हणून ग्लुकोजच्या रेषेशेजारी त्या शेवाळाला लागू पडणाऱ्या साखरांचे तीन-तीन खाने लावा: लाल शेवाळाला गॅलॅक्टोज, उल्वाला रॅम्नोज, झायलोज आणि ग्लुकुरॉनिक आम्ल, तपकिरीला फ्युकोज आणि अल्जिनेट. प्रत्येकाचा रंग ग्लुकोजच्या किती पट ते काढा. लाल शेवाळाला तर सरळ गॅलॅक्टोजचीच रेष वापरा. किटमधलं ग्लुकोज तसंच पडून राहिलं तरी चालेल. युरॉनिक आम्लांसाठी मेटा-हायड्रॉक्सिडायफेनिलची १९७३ ची रीत वेगळी करावी, ५२० नॅनोमीटरला. तपकिरी शेवाळाचं काम तिच्याशिवाय पूर्ण होत नाही.

उरतो ०.९ चा प्रश्न. किट सुट्या साखरेचं वजन देतं. शेवाळात ती साखळीत असते आणि प्रत्येक जोडावर पाण्याचा एक रेणू कमी असतो. षट्शर्करांना १६२ भागिले १८० म्हणजे ०.९ ने गुणायचं, पंचशर्करांना १३२ भागिले १५० म्हणजे ०.८८ ने. कागदावर हे नसतं, आणि बऱ्याच प्रबंधांतही नसतं. शिवाय उल्व्हान, कॅराजीनन, फ्युकॉयडन यांच्या अंगावर सल्फेट असतं. त्याचं वजन कोणत्याच रंगात येत नाही.

मग अन्न-तपासणीच्या अहवालात तोच नमुना वेगळाच का दिसतो? कारण तिथे कर्बोदकं मोजलेलीच नसतात. शंभरातून ओलावा, राख, प्रथिनं आणि मेद वजा करून जे उरेल ते कर्बोदक. समजा ओलावा १०, राख २८, मेद २ आणि नायट्रोजन २.४ टक्के. नायट्रोजनला नेहमीच्या ६.२५ ने गुणलं की प्रथिनं १५ आणि कर्बोदकं ४५. पण शेवाळात प्रथिनांबाहेरचा नायट्रोजन बराच असतो. २०१६ साली एंजल आणि सहकाऱ्यांनी शेवाळांसाठी ५ हा गुणक सुचवला. त्याने प्रथिनं १२ होतात आणि कर्बोदकं बसल्या जागी ४८. एका गुणकाने तीन टक्के! या ‘उरलेल्या’त मॅनिटॉल आहे, युरॉनिक आम्लं आहेत, फिनॉली द्रव्यं आहेत, आधीच्या चारही मोजमापांच्या चुका आहेत. हा आकडा आणि प्लेटचा आकडा जुळावेत अशी अपेक्षाच धरू नये.

प्लेटवर चुका कुठे होतात ते पटकन सांगतो. सगळ्यात छुपा शत्रू म्हणजे टिश्यू पेपर. खाने किंवा नळ्या टिश्यूने पुसल्या की सेल्युलोजचे तंतू आत राहतात, आणि सेल्युलोज म्हणजे शुद्ध ग्लुकोज. तीन खान्यांत एकच भरमसाट चढा आला तर आधी तंतूवर संशय घ्यावा. फिल्टर पेपरचा भुगा, कापसाचे बोळे, पुठ्ठ्याची धूळ, सगळे त्याच जातीचे. संहत आम्ल जड आणि चिकट, घनता १.८४, साध्या मायक्रोपिपेटने झटकन ओढलं तर १५० ऐवजी कमीच येतं, आणि वाफेने पिपेटचं पिस्टन गंजतं. टिप बुडवून दोन सेकंद थांबा, किंवा पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंटचं पिपेट घ्या. प्लेट ९० अंशांच्या वर नेऊ नका, साधं पॉलिस्टायरीन शंभराजवळ मऊ पडतं आणि तळ वाकला की प्रकाशाचा मार्गच बदलतो. झाकण ठेवावं, पण वाचताना काढावं. त्यावर बसलेलं दव ऐन वेळी खान्यात टपकतं. बफरमध्ये सोडियम अझाइड असेल तर ते टाळा, रंगात लुडबुड करतं.

अँथ्रोनशी, म्हणजे साखर रंगाने मोजायच्या दुसऱ्या जुन्या रीतीशी, तुलना करणारे असतातच. ०.२ ग्रॅम अँथ्रोन १०० मिलि थंड ९५ टक्के आम्लात, रोज ताजं, उकळत्या पाण्यात ८ मिनिटं आणि ६३० ला वाचन. षट्शर्करांना ते छान, पण झायलोज आणि रॅम्नोज असलेल्या उल्वाला फिनॉलच सरस. पैसा असेल आणि साखरांची नावंही हवी असतील तर एचपीएलसीला पर्याय नाही. त्याच हायड्रोलायसेटची (आम्लाने तोडलेल्या नमुन्याच्या द्रावणाची) एक कुपी गोठवून ठेवावी, पुढेमागे कुठे सोय झाली तर कामी येते.

तर किट कोणी घ्यावं? एकाच जातीचे नमुने वर्षभर, दर महिन्याला, वेगवेगळ्या हातांनी मोजायचे असतील, प्लेट रीडर असेल आणि फिनॉल हाताळायला प्रशिक्षित माणूस नसेल, तर जरूर घ्या. पाचापैकी साडेतीन. वेगवेगळ्या जातींची तुलना करायची असेल तर घेऊन फारसा उपयोग नाही. तेवढ्या पैशांत गॅलॅक्टोज, रॅम्नोज, झायलोज, फ्युकोज, ग्लुकुरॉनिक आम्ल आणि सोडियम अल्जिनेटच्या छोट्या बाटल्या मागवा आणि फिनॉलचं द्रावण स्वतःच बनवा. प्लेट रीडर नसेल तर प्रश्नच नाही, परीक्षानळ्या आणि साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर.

काहीही वापरलं तरी काम फ्यूम हूडमध्ये. साधे नायट्राइल हातमोजे फिनॉल आणि संहत आम्लापुढे फार टिकत नाहीत; दोन जोड्या घाला आणि थेंब पडताच वरची बदला. फिनॉल कातडीवर पडलं की आधी जागा बधिर होते, म्हणून लवकर कळत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकोल ४०० ची बाटली हाताशी ठेवा आणि पाण्याआधी त्याने पुसा. वाचून झालं की प्लेट रीडरमध्ये तशीच ठेवून जेवायला जाऊ नका. आम्लाची वाफ आतल्या आरशांवर आणि फिल्टरवर बसते, आणि त्याची दुरुस्ती कुठल्याही किटपेक्षा महाग पडते.